डिस्चार्जनंतरचे चाळीस दिवस

सत्तरी-पंच्याहत्तरीतला माणूस हार्ट फेल्युअरच्या उपचारानंतर घरी निघतो, तेव्हा त्याच्या डिस्चार्ज कार्डावर आठ-दहा औषधे असतात. लघवीची गोळी सकाळी, रक्त पातळ करणारी जेवणानंतर, बीपीची अर्धी, साखरेची जेवणाआधी, कोलेस्टेरॉलची रात्री. खाली तीन सूचना असतात: मीठ कमी, पाणी दिवसाला दीड लिटर, आठ दिवसांनी ओपीडीत दाखवणे. बिल भरले जाते, विम्याचे कागद पूर्ण होतात, गाडी दारात लागते. वॉर्डात असताना नाडी, बीपी, लघवीचे माप, वजन, रक्तातले पोटॅशियम असे सगळे कोणीतरी टिपत होते. घरी आल्यावर ते काम कोणी करायचे, याचा उल्लेख कार्डावर नसतो.

आणि धोका नेमका याच काळात सर्वांत जास्त असतो. पहिले दीड-दोन महिने कसे जातात यावर पुढचे बरेच काही ठरते. गेल्या तीस वर्षांत अमेरिका, ऑस्ट्रेलिया, युरोप, कॅनडा आणि भारतातही या काळाचा अभ्यास झाला आहे. त्यातून पुढे येणारी गोष्ट बऱ्यापैकी स्पष्ट आहे. जिथे जाणती व्यक्ती घरी येते आणि तिला दिसलेल्या गोष्टीवरून औषध लगेच बदलण्याची सोय असते, तिथे माणसे कमी वेळा परत दाखल होतात. नुसती माहितीपत्रके, नुसते फोन किंवा नुसती यंत्रे यांच्याने एवढे साधत नाही. महाराष्ट्रात अशी घरभेट उभी करायला लागणारी बहुतेक साधने आहेत, पण ती एकमेकांना जोडलेली नाहीत.

आजार आणि आकडे

हार्ट फेल्युअर आणि हार्ट अटॅक हे दोन वेगळे आजार आहेत. अटॅकमध्ये हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी अचानक तुंबते. हार्ट फेल्युअरमध्ये हृदयाचे रक्त ढकलण्याचे काम हळूहळू कमी पडत जाते. जुना अटॅक, वर्षानुवर्षांचे बीपी, झडपांचे दोष किंवा हृदयाच्या स्नायूचा आजार ही त्याची नेहमीची कारणे. घरोघरी 'आजोबांचं पंपिंग तीस टक्क्यांवर आलंय' असे सांगितले जाते, ते टूडी इकोतल्या आकड्यावरून. निरोगी हृदय प्रत्येक ठोक्याला डाव्या कप्प्यातले निम्म्याहून अधिक रक्त पुढे पाठवते. पंपिंग कमी झाले की मूत्रपिंडांना रक्त कमी पोचते आणि ती शरीरात मीठ-पाणी धरून ठेवू लागतात. मग पायांवर सूज येते, फुफ्फुसात पाणी साचते आणि आडवे झाल्यावर दम लागतो. वयस्कर लोकांत, विशेषतः बीपी आणि मधुमेह असलेल्या स्त्रियांत, पंपिंगचा आकडा चांगला असूनही हृदय ताठ झाल्यामुळे हीच लक्षणे दिसतात. 'इको नॉर्मल आहे' हे ऐकून निर्धास्त झालेली कितीतरी घरे या प्रकारात फसतात.

बहुतेकांचा हा आजार समूळ जात नाही. पण नीट औषधे मिळाली तर माणूस अनेक वर्षे बऱ्यापैकी जगतो, आणि काहींचे पंपिंग सुधारतेही.

भारतातले चित्र दोन नोंदवह्यांमधून दिसते. केरळात तिरुवनंतपुरमच्या १८ रुग्णालयांत २०१३ मध्ये हार्ट फेल्युअरसाठी दाखल झालेल्या १,२०५ रुग्णांचा माग श्री चित्रा तिरुनल संस्थेतल्या डॉ. एस. हरिकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठेवला. पाच वर्षांनंतर त्यांपैकी ५९ टक्के रुग्ण दगावले होते. नंतर देशभरातल्या ५३ रुग्णालयांनी मिळून राष्ट्रीय नोंदवही केली. तिच्यात १०,८५१ रुग्ण होते आणि त्यांचे सरासरी वय साठच्या आसपास होते. पाश्चात्त्य देशांत हा आजार मुख्यतः सत्तरीनंतरचा मानला जातो, आपल्याकडे तो दहा-एक वर्षे आधी गाठतो. या नोंदवहीत पहिल्या ९० दिवसांत १४.२ टक्के रुग्ण गेले, म्हणजे साधारण दर सातांमागे एक. पंपिंग कमी असलेल्यांसाठी शिफारस केलेली औषधे निम्म्याहून कमी लोकांना मिळत होती.

घरी गेलेला माणूस पुन्हा का आजारी पडतो, याचे उत्तर फक्त हृदयात सापडत नाही. अमेरिकेत मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विम्याखालील नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की हार्ट फेल्युअरनंतर घरी गेलेल्यांपैकी जवळपास चौथा हिस्सा तीस दिवसांत परत दाखल झाला. त्या परतीचे कारण पुन्हा हार्ट फेल्युअरच होते, असे रुग्ण जेमतेम एक तृतीयांशाहून थोडे अधिक होते. बाकीचे पडले होते, त्यांना न्यूमोनिया झाला होता, मूत्रपिंडे बिघडली होती, भ्रम झाला होता. येल विद्यापीठातले डॉ. हार्लन क्रुमहोल्झ यांनी २०१३ मध्ये याची मीमांसा केली. रुग्णालयात झोपमोड होते, खाणे तुटते, दिवसचे दिवस अंथरुणात जातात, औषधे एकदम बदलतात. मूळ आजार आवरला तरी वयस्कर माणूस घरी येतो तो सगळ्याच बाबतीत खचलेला. त्यामुळे त्याची घरची काळजी म्हणजे एकट्या हृदयाची काळजी नव्हे. तोल, भूक, झोप, लघवी, स्मरणशक्ती हे सगळे तिच्यात येते.

घरभेटीचे प्रयोग

या विषयातला पहिला मोठा प्रयोग अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरातला. डॉ. मायकेल रिच यांनी सत्तरी ओलांडलेल्या २८२ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाला नेहमीची सेवा मिळाली. दुसऱ्या गटाला परिचारिकेने आजार समजावून दिला, आहारतज्ज्ञाने जेवण बसवून दिले, ज्येष्ठांच्या हृदयरोगतज्ज्ञाने औषधांची छाटणी केली, आणि घरी गेल्यावर भेटी व फोन सुरू राहिले. १९९५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ९० दिवसांत हार्ट फेल्युअरमुळे पुन्हा दाखल होण्याच्या घटना पहिल्या गटात ५४ आणि दुसऱ्यात २४ होत्या. परिचारिकेचा पगार आणि भेटींचा खर्च धरूनही दुसऱ्या गटाचा दरडोई खर्च ४६० डॉलरने कमी भरला.

ऑस्ट्रेलियात ॲडलेडला सायमन स्ट्युअर्ट यांनी त्याहून साधी गोष्ट करून पाहिली. डिस्चार्जनंतर आठवडाभराने एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता मिळून रुग्णाच्या घरी एकदा जात. त्यांना गोळ्या घेण्यातल्या चुका, वाढू लागलेली सूज, एकटे राहणाऱ्या माणसाची अडचण दिसे, आणि ते लगेच कुटुंबाच्या डॉक्टरांना कळवत. रुग्ण ९७ होते, जवळपास निम्मे-निम्मे दोन गटांत. सहा महिन्यांत अचानक दाखल होण्याच्या घटना भेट मिळालेल्या गटात ३६ आणि न मिळालेल्या गटात ६३ होत्या. एकाच भेटीचा एवढा परिणाम पाहून जगभरातल्या हृदयरोगतज्ज्ञांचे लक्ष या कामाकडे वळले.

फिलाडेल्फियात मेरी नेलर यांनी हे काम पुढे नेले. रुग्ण दाखल असतानाच एक उच्चशिक्षित परिचारिका त्याच्याशी ओळख करून घेई आणि तीच पुढे तीन महिने त्याच्या घरी जाई. पासष्टीपुढच्या २३९ रुग्णांच्या अभ्यासात, २००४ मध्ये, वर्षभरातल्या पुनर्दाखल्यांची संख्या १६२ वरून १०४ वर आलेली दिसली. रुग्णालयातला चेहराच घरी येतो, ही त्यातली महत्त्वाची बाब. वॉर्डातल्या सिस्टरला जे सांगायला आजी संकोचतात, ते चौथ्या भेटीत स्वयंपाकघरात बसून सांगतात.

कॅनडातल्या डॉ. हॅरिएट व्हॅन स्पॉल यांनी २०१७ मध्ये अशा ५३ चाचण्या एकत्र तोलल्या. एकूण रुग्ण १२,३५६. परत दाखल होणे आणि मृत्यू या दोन्ही बाबतींत परिचारिकेच्या घरभेटी सर्वांत प्रभावी ठरल्या. नुसते फोन, नुसते शिक्षण किंवा नुसता औषधनिर्मात्याचा सल्ला यांचा तेवढा परिणाम दिसला नाही.

मात्र घरभेट ठरवली म्हणजे काम झाले, असेही नाही. व्हॅन स्पॉल यांनीच ऑन्टारिओतल्या दहा रुग्णालयांत जवळपास अडीच हजार रुग्णांवर एकत्रित योजना राबवली. तिच्यात शिक्षण होते, नीट लिहिलेला डिस्चार्ज कागद होता, आठवड्याच्या आत कुटुंबाच्या डॉक्टरांची भेट होती आणि जास्त धोक्यातल्यांना घरभेटी होत्या. रुग्णांना घरी जाताना अधिक तयारी वाटली, पण परत दाखल होण्यात किंवा मृत्यूंत फरक पडला नाही. जिथे नेहमीची सेवा आधीच चांगली आहे तिथे वरची भर कमी कामाची ठरते, हे त्याचे एक संभाव्य कारण. दुसरे कारण २०२२ च्या 'स्ट्राँग-एचएफ' या चाचणीवरून लक्षात येते. त्यात १,०७८ रुग्णांपैकी जवळपास निम्म्यांना डिस्चार्जनंतर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या आठवड्यात तपासले गेले, आणि तपासणी व रक्तचाचणी पाहत दोन आठवड्यांतच औषधे पूर्ण मात्रेपर्यंत नेली गेली. सहा महिन्यांत मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरने पुन्हा दाखल होणे नेहमीच्या सेवेत २३.३ टक्के होते, या गटात १५.२ टक्के. भेटीचा खरा उपयोग भेटीनंतर काय बदलते त्यावर ठरतो. आपल्याकडे 'सुरू आहे तेच चालू ठेवा' या एका वाक्यावर महिनोन्महिने अर्ध्या मात्रेत जाणारे रुग्ण पाहिले, की या चाचणीचे मोल कळते.

यंत्रामागचा माणूस

मोबाइलला जोडलेला वजनकाटा, मनगटावरचे घड्याळ, बोटावरचा ऑक्सिमीटर ही घरच्या काळजीची नवी साधने. मुले पुण्या-मुंबईला किंवा कॅलिफोर्नियात आणि आईवडील सांगलीत किंवा रत्नागिरीत, अशा घरांना त्यांचे विशेष आकर्षण असते. पुराव्याने दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या आहेत.

अमेरिकेत १,६५३ पैकी निम्म्या रुग्णांना रोज एका स्वयंचलित फोनवर वजन आणि लक्षणे सांगायला लावले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल असा, की सहा महिन्यांत परत दाखल होणे किंवा मृत्यू दोन्ही गटांत जवळपास सारखेच, ५२ टक्क्यांच्या आसपास. १४ टक्के रुग्णांनी ती यंत्रणा एकदाही वापरली नाही. शेवटी जेमतेम निम्म्याहून थोडे अधिक लोक आठवड्यातून तीनदा तरी फोन करत होते. याउलट २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जर्मनीतल्या चाचणीत १,५७१ पैकी जवळपास निम्म्या रुग्णांनी रोज वजन, बीपी, ईसीजी आणि ऑक्सिजन पाठवला. बर्लिनच्या शारिते रुग्णालयातल्या केंद्रात डॉक्टर आणि परिचारिका चोवीस तास ते पाहत होते आणि लागलीच फोन करून औषध बदलत होते. तिथे अचानक दाखल होण्यात किंवा मृत्यूमुळे वाया गेलेले दिवस वर्षाला २४.२ वरून १७.८ वर आले आणि मृत्यूही घटले. पहिल्या यंत्रणेत आकडा गोळा होत होता, दुसऱ्यात त्याच दिवशी माणूस त्यावर काहीतरी करत होता. परदेशातल्या मुलाने व्हॉट्सॲप ग्रुपवर बाबांचा ऑक्सिजन रोज पाहावा, पण कमी दिसल्यावर त्याने कोणाला फोन करायचा हे आधी ठरलेले असावे.

साधा वजनकाटा मात्र घरात हवाच. हार्ट फेल्युअरने दाखल व्हावे लागण्याच्या किमान आठवडाभर आधीपासून वजन वाढू लागते, असे अभ्यासांत दिसले आहे. सकाळी उठल्यावर, लघवी करून, चहाच्या आधी, रोजच्याच कपड्यांत वजन करायचे. काटा फरशीवर ठेवायचा, सतरंजीवर नाही. आकडा कॅलेंडरच्या चौकोनात लिहायचा. तीन दिवसांत दोन किलोहून अधिक वाढले, तर ते चरबीचे नसून पाण्याचे असते आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. मात्र काही जणांचे वजन वाढत नाही, नुसती भूक जाते, पोट फुगते, रात्री एकाऐवजी तीन उशा लागतात किंवा कालची चप्पल आज घट्ट होते. ही लक्षणेही तितकीच महत्त्वाची. बसल्या जागी दम लागला, छातीत दुखले, शुद्ध हरपली किंवा फेसाळ गुलाबी थुंकी आली तर फोन १०८ ला.

स्वयंपाकघर आणि गोळ्यांचा डबा

घरी गेलेली परिचारिका सगळ्यात आधी गोळ्यांचा डबा पलंगावर रिकामा करते. त्यात नेहमी सापडणाऱ्या गोष्टी अशा. डिस्चार्जच्या वेळी टोरसेमाइड लिहून दिलेले असते, आणि जुन्या डॉक्टरांनी दिलेल्या फ्युरोसेमाइडच्या पट्टीतलीही गोळी रोज घेतली जात असते. दोन्ही लघवीच्याच गोळ्या. एकाच औषधाच्या दोन कंपन्यांच्या पट्ट्या, नावे वेगळी म्हणून दोन्ही चालू. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून चिठ्ठीविना आणलेली डायक्लोफिनॅक, जी शरीरात पाणी धरते आणि मूत्रपिंडांना मारक ठरते. ॲसिडिटीसाठी पाण्यात फसफसणारी पावडर, जिच्यात भरपूर सोडियम. आणि कमी सोडियमवाले मीठ, जे 'हार्टसाठी चांगलं' म्हणून सुनेने मुद्दाम आणलेले असते. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते. स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी आधीच पोटॅशियम वाढवते. त्यात शहाळ्याचे पाणी रोजचे असेल, तर पोटॅशियम धोक्याच्या पातळीला जाऊन ठोके बिघडू शकतात.

मग प्रश्न येतो लघवीच्या गोळीचा. आजोबा ती दिवसाआड घेतात. कारण विचारले तर सांगतात, 'एसटीनं जायचं असलं की नाही घेत, मध्ये उतरायची पंचाईत.' आजी ती गोळी विसरून संध्याकाळी घेतात, मग रात्री तीनदा उठावे लागते आणि अंधारात मोरीच्या उंबऱ्याला पाय अडकतो. इथे उपदेशाचा उपयोग नसतो. प्रवासाच्या दिवशी गोळीची वेळ कशी पुढे-मागे करायची, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे लागते. पलंगाजवळ कमोड खुर्ची, मोरीत पकडायला दांडा आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा लागतो. बीपी उभे करूनही मोजावे लागते, कारण या औषधांनी उठल्याबरोबर चक्कर येते.

मीठ आणि पाण्याबाबतचा सल्ला अलीकडच्या चाचण्यांनी थोडा सैल केला आहे. सहा देशांतल्या ८०६ रुग्णांच्या 'सोडियम-एचएफ' चाचणीत दिवसाला १,५०० मिलिग्रॅमहून कमी सोडियम ठेवूनही मृत्यू किंवा दाखल होणे घटले नाही. नेदरलँड्सच्या २०२५ मधल्या चाचणीत प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना दीड लिटरची मर्यादा घालण्याने फायदा झाला नाही, उलट तहानेचा त्रास वाढला. याचा अर्थ लोणचे-पापड मोकळे झाले, असा नाही. सूज आलेल्या किंवा नुकत्याच घरी आलेल्या रुग्णाने डॉक्टर सांगतील ते पाळावेच. पण वरणभात अळणी करून वयस्कर माणसाची भूक मारणे धोक्याचे आहे. वजन, स्नायू आणि ताकद आधीच घटलेली असते. मराठी जेवणातले जास्तीचे मीठ लोणचे, पापड, फरसाण, वेफर, पाव, सुकी मच्छी, बाजारची चटणी यांत असते. ते बाजूला काढून ताजे वरण, भाजी, भाकरी, अंडे किंवा मासा चवीपुरत्या मिठात द्यावा. लिंबू, कोथिंबीर, ओले खोबरे, जिरे-लसणाची फोडणी यांनी चव राखता येते.

'आराम करा' हा सल्लाही आता जसाच्या तसा टिकत नाही. अमेरिकेतल्या 'रिहॅब-एचएफ' चाचणीत साठीपुढच्या ३४९ रुग्णांपैकी निम्म्यांना रुग्णालयातच तोल, ताकद, चाल आणि दम यांचे व्यायाम सुरू केले गेले आणि ते डिस्चार्जनंतर तीन महिने चालू ठेवले. जवळपास सगळेच रुग्ण दुबळे होते. व्यायाम केलेल्यांची चाल, तोल आणि खुर्चीतून उठण्याची क्षमता स्पष्टपणे सुधारली, मात्र परत दाखल होणे घटले नाही. ब्रिटनच्या 'रीच-एचएफ' योजनेत १२ आठवडे घरच्या घरी व्यायाम, पुस्तिका आणि घरातल्या माणसांसाठी वेगळे मार्गदर्शन दिले गेले. २१६ रुग्णांच्या चाचणीत ही योजना मिळालेल्यांचे जगणे त्यांच्याच सांगण्यानुसार सुकर झाले. खुर्चीचे हात न धरता पाच-सात वेळा उठणे, भिंत धरून टाचा उचलणे, घरातल्या घरात दिवसातून चार वेळा पाच-पाच मिनिटे चालणे, एवढ्यावरही सुरुवात होते. चालताना एक वाक्य बोलता येईल इतपतच दम लागावा.

घरातली माणसे

हे सगळे करायचे कोणी? बहुतेक घरांत त्याचे उत्तर आजी, सून किंवा मुलगी असे असते. औषधे भरणे, सूज पाहणे, रात्री उठणे, रुग्णालयाच्या रांगेत उभे राहणे हे काम ती करते, आणि तिचे स्वतःचे बीपी मोजायला कोणी नसते. आजोबांची सेवा करणारी आजीही सत्तरीची असते. रीच-एचएफ योजनेने काळजी घेणाऱ्या माणसाला स्वतंत्र पुस्तिका आणि स्वतंत्र वेळ दिला, ही आपल्याकडेही तातडीने घेण्यासारखी गोष्ट आहे.

शहरांत ब्युरोतून मावशी किंवा मामा मिळतात, बारा तासांचे किंवा चोवीस तासांचे. त्यांच्यातल्या अनेकांचे हात मायेचे आणि कष्टाचे असतात. पण त्यांना वजनाचा तक्ता किंवा लघवीच्या गोळीचा हिशेब कोणी शिकवलेला नसतो. अंघोळ, कपडे, जेवण एवढेच काम त्यांच्या वाट्याला येते. कामाचे तास निश्चित नसतात, आणि आठवड्याची सुटीसुद्धा अनेकदा घरमालकाच्या मर्जीवर असते. वजन, सूज, दम, गोळ्या आणि तोल या पाच गोष्टी पाहून टिपायला आणि वेळेवर कळवायला शिकवले, तर त्यांच्या कामाचा उपयोग आणि मानधन दोन्ही वाढू शकते.

हार्ट फेल्युअरच्या औषधांच्या खर्चात मात्र खरा दिलासा मिळाला आहे. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट भारतात २०२० मध्ये संपले, साक्युबिट्रिल-वल्सार्टनचे २०२३ मध्ये आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे मार्च २०२५ मध्ये. प्रत्येक वेळी अनेक कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. काही वर्षांपूर्वी मध्यमवर्गालाही झेपत नव्हती ती औषधे आज निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांच्या आवाक्यात येत आहेत. पण किंमत उतरल्याचे चिठ्ठीवर आपोआप दिसत नाही, ते विचारून घ्यावे लागते.

आजार पुढे गेलेल्या ज्येष्ठांसाठी घरच्या काळजीचा अर्थ बदलतो. तिथे दम, बेचैनी, झोप आणि भीती यांवरचा इलाज महत्त्वाचा होतो. केरळात १९९३ मध्ये कोझिकोडला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांच्या पुढाकारातून वेदनाशमनाचे काम सुरू झाले. पुढे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या जाळ्यातून गावोगावी पसरले, आणि २००८ मध्ये केरळ सरकारने त्याचे धोरण केले. ग्रामपंचायतीच्या निधीतून परिचारिका अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी जाऊ लागल्या. कर्करोगापुरते न राहता हे काम दीर्घ आजाराच्या सगळ्याच रुग्णांपर्यंत पोचले. पुन्हा आयसीयूत जायचे की घरीच राहायचे, हा निर्णय माणूस शुद्धीत असताना त्याच्याशी बोलून घ्यायला हवा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली, आणि २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली.

महाराष्ट्रात काय जुळवता येईल

घरी जाऊन जीव वाचवण्याची पद्धत महाराष्ट्रानेच देशाला दिली आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची तपासणी आणि उपचार शिकवले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून हीच पद्धत देशभरात आशा कार्यकर्त्यांमार्फत सुरू झाली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जातात.

स्ट्राँग-एचएफ चाचणीतले पहिला, दुसरा, तिसरा आणि सहावा आठवडा म्हणजे दिवस सातवा, चौदावा, एकविसावा आणि बेचाळिसावा. चारही तारखा आशाताईंच्या त्याच वेळापत्रकात आहेत. बाळासाठी आखलेले कॅलेंडर नुकत्याच घरी आलेल्या आजोबांनाही जवळपास तसेच लागू पडते. दाराशी जाण्याची सवय, नोंदवही, गावाची ओळख हे सगळे राज्यात आधीपासून आहे.

तरीही हे काम थेट आशाताईंच्या डोक्यावर टाकणे अन्यायाचे होईल. बाळाच्या सर्व भेटी पूर्ण केल्यावर मिळणारा मोबदला २५० रुपये आहे, आणि त्यांच्यावर आधीच कामांचा ढीग आहे. उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी किंवा परिचारिका मुख्य भेट देतील, आणि आशाताई वेगळ्या, ठरलेल्या मोबदल्यात वजन व लक्षणांची मधली विचारपूस करतील, ही विभागणी अधिक न्याय्य ठरेल. तज्ज्ञाशी बोलायला ई-संजीवनी ही सरकारी दूरवैद्यक सेवा आहे.

असे काम भारतीय परिस्थितीत जमते, याचे दाखले आहेत. 'स्प्रेड' या चाचणीत भारतातल्या १४ रुग्णालयांमधल्या ८०६ हृदयरुग्णांपैकी निम्म्यांकडे आरोग्य कार्यकर्ते वर्षभर लक्ष देत होते. हे रुग्ण हार्ट फेल्युअरचे नव्हते, अटॅक किंवा तशाच तीव्र त्रासाने दाखल झालेले होते. वर्षाच्या शेवटी औषधे नियमित घेणाऱ्यांचे प्रमाण नेहमीच्या सेवेत ९२ टक्के आणि या गटात ९७ टक्के होते. तमिळनाडूने ऑगस्ट २०२१ मध्ये कृष्णगिरी जिल्ह्यातून 'मक्कळै तेडी मरुत्तुवम' योजना सुरू केली. तिच्यात महिला स्वयंसेविका बीपी-मधुमेहाच्या गोळ्या घरपोच देतात, आणि फिजिओथेरपी व शुश्रूषाही घरी पोचते.

पैशाची वाटही काही अंशी मोकळी आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांपर्यंतचे रुग्णालयीन उपचार मिळतात. योजनेत डिस्चार्जनंतरचे १५ दिवस औषधांचा खर्च धरलेला आहे. सोळाव्या दिवसापासून औषधे, तपासण्या आणि शुश्रूषा कुटुंबाच्या खिशातून. हार्ट फेल्युअरच्या पॅकेजमध्ये हे १५ दिवस ४२ केले, आणि त्यात चार घरभेटी, पोटॅशियम व क्रिएटिनिनच्या तपासण्या आणि एक वजनकाटा घातला, तर तोच रुग्ण पुन्हा दाखल झाल्यावर होणाऱ्या खर्चापुढे ही रक्कम लहान ठरेल. राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना ज्येष्ठांना सहायक साधनांसाठी तीन हजार रुपये देते. चष्मा, श्रवणयंत्र आणि कमोड खुर्चीच्या बरोबरीने वजनकाट्यालाही तिथे जागा द्यावी.

सुरुवात दोन जिल्हा रुग्णालयांपासून करता येईल, एक विदर्भातले आणि एक कोकणातले. दोन्हीकडे अंतरे, रस्ते आणि घरातल्या माणसांची संख्या वेगळी असल्याने अडचणीही वेगळ्या येतील. हार्ट फेल्युअरने दाखल झालेल्या साठीपुढच्या प्रत्येक रुग्णाचे नाव डिस्चार्जच्या दिवशीच त्याच्या उपकेंद्राकडे जावे. परिचारिकेला औषधाची मात्रा कमी-जास्त करण्याचा लेखी नियम हाती असावा, आणि शंका आली तर त्याच दिवशी उत्तर देणारा डॉक्टर ठरलेला असावा. मोजायचे आकडे तीनच: ९० दिवसांत किती जण परत दाखल झाले, किती दगावले, आणि त्या ९० पैकी किती दिवस माणूस स्वतःच्या घरी होता. काळजी घेणाऱ्या स्त्रीची प्रकृती आणि तिचा बुडालेला रोजगारही त्याच नोंदवहीत लिहावा. वर्षभराच्या अशा नोंदींवरून हे काम सगळ्या जिल्ह्यांत न्यायचे की आधी त्यात काय दुरुस्त करायचे, हे आरोग्य विभागाला ठरवता येईल.